थांबा, पहारा आणि नाका

३१ मार्च १९९५ हा शुक्रवार होता. कॅलेंडर न पाहता हे मला सांगता येते, कारण त्या आर्थिक वर्षाची सुरुवातही शुक्रवारीच झाली होती आणि म्हणून त्या वर्षात ५२ नव्हे, ५३ शुक्रवार आले. या एका जादा शुक्रवारामुळे एका सरळमार्गी माणसावर अफरातफरीचा आळ आला. ज्या कागदावरून आळ आला, तो कागद मी लिहिलेल्या प्रोग्रामने छापलेला होता.

जयसिंगपूर हे शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने वसवलेले पेठेचे गाव. दुकानदार, हमाल, गाडेवाले यांच्याकडून आठवड्याला ठरलेली रक्कम गोळा करणाऱ्या पतसंस्था आमच्या भागात पुष्कळ. त्यांपैकी एका संस्थेला मी वसुलीचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम लिहून दिला होता. तेव्हा मी पंचविशीत होतो. सी भाषा पुस्तकावरून शिकलो होतो आणि आपल्याला ती येते असे मला वाटत होते. संस्थेत प्रत्येक वसुली प्रतिनिधीचा वार ठरलेला असे. शुक्रवार अण्णांचा. वर्षअखेरच्या तक्त्यात अण्णांची एकूण जमा ६८,८१६ रुपये दिसली. सभासदांच्या पासबुकांची बेरीज मात्र ८५,९५० येत होती. फरक १७,१३४ रुपयांचा. बाकीच्या सगळ्या प्रतिनिधींचे हिशेब रुपयाला रुपया जुळत होते. रोजकीर्दीत सर्वांची रक्कम एकत्र चढवलेली असे. ती उकलून पाहायला ऑडिटरला महिने लागले असते. ‘‘मशिनला कुणाशी काय वैर हाय?’’ असे म्हणून सचिवांनी अण्णांना घरी बसवले. ते अकरा दिवस घरी होते.

तो घोळ कसा सापडला ते शेवटी सांगतो. पण त्या अकरा दिवसांत जे साधन हाती आले, त्याने पुढे मला एक प्रश्न लावून दिला. चालत्या प्रोग्रामला मध्येच थांबवून त्याच्या पोटात डोकावण्याची ही सोय कुणी काढली आणि ती आपल्यापर्यंत कशी पोहोचली? गेली काही वर्षे सवड मिळेल तसा मी या प्रश्नामागे आहे. हा लेख म्हणजे त्या शोधाचा गोषवारा.

तीन शब्द

या साधनाला डीबगर म्हणतात. त्याची कामे मुख्यतः तीन. पहिले, प्रोग्राम अमुक ओळीवर आला की थांबव. याला इंग्रजीत ब्रेकपॉइंट म्हणतात. मी ‘थांबा’ म्हणेन. दुसरे, प्रोग्राम कुठेही असो, स्मृतीतल्या अमुक जागेवरची किंमत बदलली की थांबव. हा वॉचपॉइंट, याला ‘पहारा’ म्हणू. तिसरे, अमुक प्रकारची घटना घडली की थांबव: प्रोग्रामने नवा प्रोग्राम सुरू केला, एखादी चूक वर फेकली, बाहेरचे ग्रंथालय जोडून घेतले. हा कॅचपॉइंट, याला जकातीच्या नाक्यावरून ‘नाका’ म्हणायला हरकत नसावी. थांबा रस्त्यावरच्या जागेवर असतो, पहारा तिजोरीवर असतो, आणि नाक्यावर वाहन कुठून आले ते न बघता त्यात कोणता माल आहे ते पाहिले जाते.

तार उपटण्यापासून

थांब्याचा उगम १९४० च्या दशकातल्या एनिअ‍ॅक या अमेरिकन यंत्रापाशी सापडतो. त्या यंत्रात प्रोग्राम लिहीत नसत, जोडत असत. एका विभागाचे काम संपले की त्याचा इशारा तारेतून पुढच्या विभागाला जाई. यंत्राला एखाद्या टप्प्यावर थांबवायचे तर ती तार उपटायची. जिथे तार तुटली, तिथे काम थांबले. ‘ब्रेकपॉइंट’ हा शब्द तिथूनच आला. या युक्तीचे श्रेय बेटी होल्बर्टन यांना दिले जाते. एनिअ‍ॅकवर प्रोग्रामिंगचे काम ज्या सहा स्त्रियांवर सोपवले होते, त्यांपैकी त्या एक.

पुढच्या यंत्रांत प्रोग्राम स्मृतीत साठवला जाऊ लागला आणि उपटायला तार उरली नाही. केंब्रिजच्या एडसॅकवर १९४९ पासून काम करणाऱ्यांना लवकरच कळून चुकले, की प्रोग्राम लिहिण्यापेक्षा त्यातल्या चुका शोधण्यात आयुष्य जाणार आहे. तिथल्या स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये या विषयावर स्वतंत्र शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी मांडलेला एक मार्ग असा, की मूळ प्रोग्राम थेट चालवायचा नाही. दुसऱ्या एका प्रोग्रामने त्याची एकेक आज्ञा वाचायची, स्वतः पार पाडायची आणि काय केले ते छापत जायचे. हा उपाय अचूक पण संथ होता. आजही पहाऱ्याच्या एका प्रकारात तो जिवंत आहे, हे पुढे दिसेल.

मुंबई : यंत्र मोठे, वेळ महाग

आपल्याकडे या कथेची सुरुवात मुंबईत होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकाच्या मध्यात संगणक बांधायला घेतला गेला. १९५६ मध्ये प्रायोगिक यंत्र चालू झाले, १९६० मध्ये पूर्ण यंत्र. १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि फेराइट कड्यांची २,०४८ शब्दांची स्मृती होती. एकेक शब्द ४० बिटांचा. आजच्या मापात ही स्मृती १० किलोबाइट भरते. प्रोग्राम छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून आत जाई.

अशा यंत्रासमोर माणूस प्रत्यक्ष बसू शकत असे. पण १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे अमेरिकन यंत्र आले आणि देशभरच्या संस्थांची गणिते तिथे येऊ लागली. यंत्राचा एकही क्षण वाया जाऊ नये म्हणून कामे गठ्ठ्याने चालवली जात. आपली कार्डे खिडकीत द्यायची आणि नंतर छापील कागद घेऊन जायचे. चूक असेल तर कागदावर स्मृतीची छापील प्रत मिळे. तिला शवविच्छेदनाचेच नाव होते: ‘पोस्टमॉर्टेम डम्प’. प्रोग्राम मेल्यावर त्याचे पोट उघडून पाहायचे, जिवंतपणी नाडी बघायची सोय नाही.

मला या टप्प्याचे ऐतिहासिक महत्त्व मोठे वाटते. थांबा ही नुसती तांत्रिक युक्ती नाही. यंत्र थांबवून माणसाने विचार करायचा, म्हणजे तेवढा वेळ यंत्राने रिकामे बसायचे. जिथे यंत्राचा तास माणसाच्या महिन्याहून महाग, तिथे थांब्याला परवानगीच मिळत नाही. त्याच सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये टीएक्स-० हे यंत्र विद्यार्थ्यांना रात्री-बेरात्री एकट्याने वापरायला मिळत होते, आणि त्या मोकळेपणातूनच आजच्या धाटणीचा डीबगर जन्मला. टॉमस स्टॉकहॅम आणि जॅक डेनिस यांच्या प्रोग्रामचे नाव ‘फ्लिट’ होते. आमच्या पिढीच्या घरांत डासांवर ज्या पंपाने फवारा मारत, त्या फ्लिटचेच हे नाव. पुढे पीडीपी-१ या यंत्रासाठी अ‍ॅलन कोटॉक यांनी जो डीबगर केला, त्याचे नाव ‘डीडीटी’. तेही कीटकनाशकच. चुकीला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची रूढी होतीच. औषधांची नावे ओघाने आली.

एका बाइटची जागा

आपल्याकडे थांबा सर्वसामान्य विद्यार्थ्याच्या हाती आला तो ८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या सराव-पेटीतून. अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनात शिकलेल्या वाचकांना ती आठवेल: उघडा सर्किट बोर्ड, सोळा आकड्या-अक्षरांची बटणे आणि सहा लाल अंक. प्रोग्रामचा एकेक बाइट बोटाने भरायचा. पेटीत ‘मॉनिटर’ नावाचा छोटा प्रोग्राम कायम बसवलेला असे. इंटेलच्या मूळ पेटीत आपल्या प्रोग्रामच्या शेवटी ‘सीएफ’ हा बाइट टाकला, की ताबा मॉनिटरकडे परत जाई आणि सगळ्या रजिस्टरांतल्या किमती बघता येत. अनेक विद्यार्थ्यांनी तो बाइट मंत्रासारखा पाठ केला. पण तो शेवटीच टाकला पाहिजे असे नव्हते. मध्ये टाकला तर तोच थांबा होई.

या सगळ्याची गोम एका बाइटात आहे. ८०८५ मध्ये ‘आरएसटी’ नावाच्या आठ आज्ञा आहेत, प्रत्येक एकाच बाइटाची. तिच्यावर येताच प्रोसेसर आपण कुठे होतो ते नोंदवतो आणि ठरलेल्या पत्त्यावर उडी मारतो. १९७८ मध्ये आलेल्या ८०८६ मध्येही इंटेलने हा धागा सोडला नाही. तिथे व्यत्यय आणणाऱ्या ‘इंट’ आज्ञा दोन बाइटांच्या आहेत, पण तीन क्रमांकाच्या व्यत्ययाला मुद्दाम एक बाइटाचे खास रूप दिले: ‘सीसी’. आजच्या लॅपटॉपमध्येही ते तसेच आहे.

एकच बाइट का? डीबगर थांबा कसा बसवतो ते पाहिले की उत्तर मिळते. जिथे थांबायचे त्या जागेवरचा मूळ बाइट तो आपल्या वहीत टिपून ठेवतो आणि तिथे ‘सीसी’ लिहितो. प्रोग्राम पूर्ण वेगाने चालत त्या जागी येतो, ‘सीसी’वर ठेचकाळतो, आणि कार्यप्रणाली डीबगरला जागे करते. आता या प्रोसेसरच्या काही आज्ञा मुळातच एका बाइटाच्या आहेत. थांबा दोन बाइटांचा असता, तर तो शेजारच्या आज्ञेवर सांडला असता. आणि प्रोग्राम दुसऱ्या वाटेने थेट त्या शेजारच्या आज्ञेवर उडी मारून आला असता, तर अर्धवट कचरा चालवू लागला असता.

पुढे जाण्याची रीतही नाजूक आहे. ‘सीसी’ चालून गेल्यामुळे प्रोसेसरचा काटा एक बाइट पुढे सरकलेला असतो. डीबगर तो मागे घेतो, मूळ बाइट जागेवर ठेवतो, प्रोसेसरला ‘एकच आज्ञा चालव आणि पुन्हा थांब’ असा ध्वज लावतो, ती आज्ञा पार पडली की ‘सीसी’ परत बसवतो आणि मग प्रोग्राम मोकळा सोडतो. वापरणाऱ्याला यातले काही दिसत नाही. त्याने फक्त ‘पुढे चल’ म्हटलेले असते.

एकाच प्रोग्रामचे अनेक धागे एकाच वेळी चालत असतील, तर त्या मधल्या क्षणात, मूळ बाइट जागेवर असताना, दुसरा धागा न थांबता निसटू शकतो. म्हणून एकतर सगळे धागे तेवढ्यापुरते रोखायचे, नाहीतर मूळ आज्ञेची नक्कल दुसऱ्या जागी नेऊन तिथे चालवायची. आणखी एक खबरदारी कार्यप्रणाली घेते. एकाच प्रोग्रामच्या पाच प्रती चालू असल्या तरी आज्ञांचा मजकूर स्मृतीत एकदाच ठेवलेला असतो. त्यात सरळ ‘सीसी’ लिहिला तर पाचही थांबतील. म्हणून ज्याची तपासणी चालू आहे, त्याला त्या पानाची स्वतंत्र नक्कल काढून दिली जाते. खाडाखोड नकलेवर होते. मूळ उतारा शाबूत राहतो.

अटीचा थांबा हा त्यातलाच एक प्रकार. ‘या ओळीवर थांब, पण रक्कम शून्याखाली असेल तरच.’ याची तुलना एस.टी.च्या विनंती थांब्याशी करण्याचा मोह होतो, पण फरक आहे. विनंती थांब्यावर कुणी हात केला नाही तर बस न थांबता जाते. अटीच्या थांब्यावर मात्र प्रोग्राम दर खेपेस थांबतोच. डीबगर अट तपासतो आणि ती खोटी ठरली तर गुपचूप पुढे सोडतो. लाखो फेऱ्यांच्या वर्तुळात असा थांबा ठेवला की प्रोग्राम का रेंगाळतो, ते यावरून कळेल.

नव्वदच्या दशकात आमच्याकडच्या विद्यार्थ्यांनी हे तंत्र ज्या पाठ्यपुस्तकात वाचले, ते मराठी नावाच्या लेखकाचेच होते. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. डी. एम. ढमढेरे यांच्या ‘सिस्टिम्स प्रोग्रामिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम्स’ या पुस्तकात ‘डीबग मॉनिटर’ असा भाग आहे. त्यात आणखी एक वाट दाखवली आहे: अनुवाद करतानाच प्रत्येक विधानाआधी काहीही न करणाऱ्या आज्ञांची जागा राखून ठेवायची, आणि थांबा हवा तेव्हा त्या जागी व्यत्ययाची आज्ञा घालायची. मूळ मजकुराला धक्का नाही, फक्त राखीव जागा भरायची.

पहारा

थांब्याला जागा माहीत असावी लागते. पण पुष्कळदा तीच माहीत नसते. किंमत बिघडली हे दिसते. कुणी बिघडवली ते कळत नाही. तिथे पहारा लागतो.

पहाऱ्याचा जुना मार्ग म्हणजे गिल यांचाच. प्रोग्रामची एक आज्ञा चालवायची, थांबायचे, राखलेली किंमत बदलली का पाहायचे, पुन्हा एक आज्ञा. दर आज्ञेमागे डीबगरची ये-जा होत असल्याने प्रोग्राम शेकडो पटींनी संथ होतो. दहा सेकंदांच्या कामाला तास लागू शकतो.

नवा मार्ग प्रोसेसरनेच दिला. १९८५ मध्ये आलेल्या इंटेल ३८६ मध्ये खास तपासणीची रजिस्टरे होती. त्यांपैकी चारांत पत्ते लिहायचे. एका रजिस्टरात प्रत्येकासाठी सांगायचे की लिहिले गेल्यावर थांबायचे, की वाचले गेले तरी थांबायचे, आणि राखायची जागा एक, दोन की चार बाइटांची. आणखी एकात कोणता पहारा वाजला त्याची नोंद होते. मग प्रोग्राम पूर्ण वेगाने चालतो आणि प्रोसेसर स्वतः नजर ठेवतो. मात्र पहारेकरी चारच. त्या यंत्रावर एकंदर सोळा बाइटांवर एका वेळी नजर ठेवता येई.

या पहाऱ्याच्या दोन गोष्टी नवख्याला चकवतात. पहिली अशी, की लिहिण्यावरचा पहारा लिहून झाल्यावर वाजतो. डीबगर जिथे थांबलेला दिसतो, ती ओळ दोषी नसते. दोषी तिच्या आधीची आज्ञा. दुसरी गोष्ट स्थानिक चलांची. एखाद्या फंक्शनपुरते जगणारे चल त्या फंक्शनबरोबर संपते, पण स्मृतीतली ती जागा पुढे दुसऱ्याच कामाला जाते. पहारा तसाच राहिला तर नव्या बिऱ्हाडकरूवर खोटा आळ येईल. म्हणून जीडीबीसारखा डीबगर त्या फंक्शनला बोलावणाऱ्याच्या परतीच्या जागेवर एक छुपा थांबा ठेवतो, आणि फंक्शन संपताच पहारा उठवतो.

नाका

तिसऱ्या प्रकाराला कार्यप्रणालीची साथ लागते. युनिक्सच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत ‘पीट्रेस’ नावाची सोय आली. तिच्यामुळे एक प्रोग्राम दुसऱ्याला थांबवू, त्याची स्मृती वाचू आणि तीत लिहू शकतो. आजही लिनक्सवर डीबगरचा सारा डोलारा त्याच नावाच्या सोयीवर उभा आहे. प्रोग्रामने स्वतःची दुसरी प्रत जन्माला घातली, किंवा कार्यप्रणालीकडे काही मागणी केली, की गाभा त्याला दारातच थांबवतो आणि डीबगरला कळवतो. हा सरकारी नाका.

काही नाके मात्र खासगी असतात. म्हणजे आतून तेही थांबेच असतात. सी-प्लस-प्लसमध्ये चूक वर ‘फेकली’ जाते तेव्हा ती नेहमी एकाच ठरलेल्या फंक्शनमधून जाते. डीबगर त्या फंक्शनवर छुपा थांबा ठेवतो आणि आपल्याला सांगतो, ‘चूक पकडली’. बाहेरचे ग्रंथालय जोडले जाण्याची घटना तर मला फार आवडते. जोडणी करणाऱ्या प्रोग्राममध्ये एक रिकामे फंक्शन असते. ते काहीही करत नाही. दर जोडणीनंतर त्याला फक्त हाक मारली जाते, डीबगरने तिथे थांबा ठेवावा म्हणून. कुणी न उतरणारे पण वेळापत्रकात जपलेले स्थानक असावे, तसे ते आहे. आपले काम दुसऱ्याला तपासता यावे, म्हणून लिहिणाऱ्याने ती जागा मुद्दाम सोडलेली आहे.

पुणे : थांबवायचे कोणाकोणाला?

१९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळत नव्हता, तेव्हा डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे ‘परम ८०००’ बांधला गेला आणि १९९१ मध्ये तो जगापुढे आला. त्याचे मर्म ‘ट्रान्सप्युटर’ नावाच्या ब्रिटिश प्रोसेसरांत होते, इनमॉस कंपनीच्या टी-८०० आणि टी-८०५ या जातीच्या. एकेक ट्रान्सप्युटर चार दुव्यांनी शेजाऱ्यांशी बोलतो आणि असे अनेक मिळून एक गणित सोडवतात.

या दोन जातींतला एक फरक आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. टी-८०५ मध्ये तपासणीची सोय वाढवली होती. ट्रान्सप्युटरच्या भाषेत ‘शून्य अंतरावर उडी मार’ ही एक बाइटाची आज्ञा आहे. शून्य अंतर म्हणजे पुढचीच आज्ञा, म्हणजे ही उडी व्यर्थच. टी-८०५ मध्ये एक ध्वज ठेवला: तो लावला, की ही व्यर्थ आज्ञा थांबा बनते, उतरवला, की पुन्हा व्यर्थ. ढमढेऱ्यांच्या पुस्तकातली ‘काहीही न करणारी’ राखीव जागा आणि सिलिकनमध्ये कोरलेली ही उडी यांतली कल्पना एकच आहे.

पण अनेक प्रोसेसरांच्या यंत्राने थांब्याचा अर्थच बदलला. एकाला थांबवले तरी बाकीचे चालतच असतात, आणि त्याच्या उत्तराची वाट बघत अडकतात. ज्या घाईमुळे चूक होत होती, ती घाईच थांब्यामुळे नाहीशी होते आणि चूक दिसेनाशी होते. पाहायला गेले की लपणाऱ्या अशा चुकांना, हायझेनबर्ग या शास्त्रज्ञाच्या नावावरून, ‘हायझेनबग’ म्हणतात. हा प्रश्न पुरता सुटलेला नाही. आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्येही अनेक प्रोसेसर एकत्र नांदतात, तेव्हा तो सगळ्यांचाच झाला आहे.

पुण्याचा दुसरा वाटा कमी बोलला जातो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये जीडीबी, म्हणजे ग्नू डीबगर लिहिला आणि त्याचा मूळ मजकूर सर्वांना खुला ठेवला. खुला असल्यामुळे नवा प्रोसेसर आला की त्यावर तो बसवण्याचे काम कुणालाही घेता येते. २००० च्या दशकात पुण्याच्या केपीआयटीने हिताची, नंतरच्या रेनेसास, कंपनीच्या एसएच आणि एच८ प्रोसेसरांसाठी ग्नू साधने तयार ठेवली आणि ती विनामूल्य दिली. त्याच दशकात कोडिटो या पुण्यातल्याच छोट्या कंपनीने एआरसी प्रोसेसरसाठी ग्नू डीबगरवर काम केले. हे प्रोसेसर मोटारी आणि उपकरणे यांच्या पोटात बसतात. तिथे पडदा नसतो, कळफलक नसतो. डीबगर टेबलावरच्या संगणकात चालतो आणि तारेवरून उपकरणातल्या चिमुकल्या प्रतिनिधीशी ठराविक पाकिटांत बोलतो. प्रोग्राम कायमस्वरूपी स्मृतीत असेल तर तिथे सहज ‘सीसी’सारखा बाइट लिहिता येत नाही, म्हणून थांब्यालाही प्रोसेसरची मोजकी रजिस्टरेच वापरावी लागतात.

नव्या प्रोसेसरवर डीबगर बसवणे म्हणजे वर सांगितलेला प्रत्येक प्रश्न पुन्हा सोडवणे: थांब्याची आज्ञा किती बाइटांची, काटा किती मागे घ्यायचा, पहारेकरी किती, एकेक पाऊल कसे टाकायचे. अशा कामावर कुणाचे नाव गाजत नाही. आपल्याकडच्या संगणकाच्या इतिहासात महासंगणकाचे प्रकरण असते, निर्यातीचे असते. चुका शोधण्याची साधने घडवणाऱ्यांचे नसते. ते असावे असे मला वाटते.

त्रेपन्नावा शुक्रवार

आता अण्णांकडे. संस्थेतले यंत्र २८६ होते. त्यात पहाऱ्याची रजिस्टरे नाहीत. टर्बो डीबगरने एकेक पाऊल टाकत पहारा लावला, तर वर्षभराच्या नोंदी पुढे सरकता सरकेनात. शेवटी फ्लॉप्या पिशवीत घालून मी सांगलीला एका मित्राकडे गेलो. त्याच्याकडे ३८६ होते. त्यावर डीबगरचा ३८६ साठीचा जादा ड्रायव्हर चढवला, अण्णांच्या ‘एकूण जमा’ या चलावर पहारा ठेवला आणि प्रोग्राम सोडला.

दर आठवड्याची रक्कम मिळवली जात होती तेव्हा पहारा वाजत होता, ते अपेक्षितच. बावन्न आठवड्यांनंतर जमा ८४,३१० झाली. पुढच्या वेळी तो वाजला तो भलत्याच ओळीपाशी. बेरजेच्या नव्हे, आठवड्याची रक्कम नोंदवणाऱ्या ओळीपाशी. मी आठवड्यांसाठी ५२ घरे राखली होती. एकूण जमा त्यांच्या लगेच शेजारी होती. त्रेपन्नाव्या शुक्रवारचे १,६४० रुपये नसलेल्या त्रेपन्नाव्या घरात, म्हणजे शेजारच्या जमेच्या खालच्या दोन बाइटांवर जाऊन बसले. वरच्या दोन बाइटांतले ६५,५३६ तेवढे शिल्लक राहिले. ६५,५३६ अधिक १,६४०, आणि मग नेहमीची बेरीज म्हणून आणखी १,६४०: ६८,८१६. कागदावर छापला गेला तो हाच आकडा. इतर कुणाच्या वाराचे त्या वर्षात ५३ आठवडे नव्हते, म्हणून इतर कुणाचा हिशेब बिघडला नव्हता. अण्णांचा दोष एवढाच, की त्यांचा वार शुक्रवार होता.

दुसऱ्या दिवशी मी संचालकांपुढे हे गणित फळ्यावर मांडले. दोन बाइट, चार बाइट त्यांना किती कळले कोण जाणे. पण बेरीज त्यांनी स्वतः करून पाहिली आणि ती रुपयाला जुळली. अण्णा कामावर परत आले. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि एवढेच विचारले, ‘‘अजून कुणाचं असं झालं आसंल का रे?’’

त्या प्रश्नाचे उत्तर मी पुढे वर्षभर माझे सगळे जुने प्रोग्राम तपासून शोधत राहिलो. दोन ठिकाणी तसेच घर कमी पडत होते. तिथे सुदैवाने वेळ आली नव्हती.

आज जयसिंगपुरातच अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथली मुले-मुली पडद्याच्या कडेला एक लाल ठिपका टिचकीसरशी लावतात आणि प्रोग्राम थांबतो. तो ठिपका म्हणजे थेट वंशात होल्बर्टन यांची उपटलेली तार आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. मात्र थांबा काय, पहारा काय, तो लावणारा माणूस ‘मशीन चुकले असेल’ हे मान्य करायला आधी तयार असावा लागतो. त्या अकरा दिवसांतले पहिले चार मी स्वतःच, माझा प्रोग्राम बरोबर आहे, असे सर्वांना सांगत फिरलो होतो.